आवाजाची दुसरी प्रत

४ ऑगस्ट
सासरहून, पिंपळनेरहून, जळगावला परत. कानबाईचा सण छान झाला. विसर्जनाला नाचलेसुद्धा. गाठीचं कुणाला सांगायचं नाही असं ठरवून गेले होते, पण अनिलने जेवताना सगळ्या पंगतीसमोर सांगून टाकलं. "कल्पनाच्या थायरॉईडला गाठ आहे. आवाजाच्या नसेला चिकटलीय. धुळ्याला ऑपरेशन." असा नवरा! सगळे एकदम बोलायला लागले. कुणाच्या मावशीला असंच झालं होतं, कुणाच्या साडूला.

एकटी रेखाअक्का काही बोलली नाही. मोठी नणंद, पण इतक्या वर्षांत आमचं "बरं आहे ना?" च्या पुढे फारसं गेलेलं नाही. निघताना स्टँडवर मात्र मनगट धरलं.
"तुझा आवाज कुठे ठेवलायस?"
"म्हणजे?"
"रेकॉर्ड करून. कुठे ठेवलायस?"
कुठेच नाही. निम्मं आयुष्य निवेदनात गेलं. लग्नं, गॅदरिंगं, केळीवाल्यांचे मेळावे, शाळांची बक्षिसं. भाजीवाला पाठमोरी असतानाही ओळखतो. आणि माझ्याकडे माझाच आवाज नाही. लोकांच्या मोबाईलमध्ये असेल, मागे बँड वाजत असलेला.

६ ऑगस्ट
अक्काचा फोन. ती धुळ्याला कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे हे माहीत होतं, पण तिथे नेमकं काय करते ते कधी विचारलंच नव्हतं. विचारायला हवं होतं!

तिचं म्हणणं: ऑपरेशनला महिना आहे. रोज शांत खोलीत थोडं थोडं बोलून ठेव. स्वच्छ. उद्या आवाज गेला, नाही गेला, देव जाणे. पण गेलाच तर त्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटरला तुझा आवाज शिकवता येतो. तू टाईप करायचं, तो तुझ्या आवाजात बोलणार. आपल्याच मशीनवर, बाहेर कुणाकडे काही पाठवायचं नाही.

मी हसले. मग हसू थांबलं. मग अनिलला हाका मारत गच्चीवर पळाले. (पळताना दम लागला. गाठ.)

अनिलचा चेहरा मात्र पडलेला. हल्ली ओळखीच्या माणसाचा आवाज बनवून फोन करतात म्हणे, पैसे पाठव, अडकलोय. "तुझा इतका साफ आवाज कुणाच्या हाती लागला तर? अर्धा जिल्हा ओळखतो तुला." खरंय. माझ्या आवाजात कुणी फैजपूरला आईला फोन केला तर आई गळ्यातलं काढून देईल.

अक्काला सांगितलं. ती म्हणाली, "कुलूप लावूनच ठेवायचं. येते मी शनिवारी."

९ ऑगस्ट
आली. सकाळच्या गाडीने, पाठीला सॅक, हातात डबा. डब्यात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पुऱ्या. चहा होईपर्यंत माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची प्रणाली चढवायला घेतलंसुद्धा. जेवून उठलो तर समोर काळी खिडकी, त्यात एक रेघ उघडमीट करतेय.

"बटणं कुठायत?"
"बटणं नाहीत. इथे लिहून सांगायचं. शब्द चुकला की करणार नाही. बरोबर लिहिलास की एका शब्दात सगळं."
मला हे आवडलं. निवेदन तरी दुसरं काय आहे?

तिने एक बॅकअपचं साधन टाकून दिलं. त्याला आधी तिने आणलेल्या नव्या डिस्कवर एक कोठी उघडायला सांगायची. कोठी उघडताना पासवर्ड विचारतं. हा पासवर्ड विसरला तर कुणीही काही करू शकत नाही. साधन बनवणारेसुद्धा नाहीत. अक्काने हे तीनदा सांगितलं. पासवर्ड इथे लिहिणार नाही. इतकंच लिहिते की काही शब्द फैजपूरकडचे आहेत, काही पिंपळनेरकडचे, आणि एकमेकांशेजारी ते कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाहीत.

मग 'आवाज' नावाचा फोल्डर. त्यात पहिलं रेकॉर्डिंग: "नमस्कार, मी कल्पना." मग मी स्वतः टाईप केलं. एक ओळ. एंटर.
अक्षरं सरसर पळाली. झालं.

डिस्क उघडून पाहिली तर आत नुसती आकड्या-अक्षरांची खिचडी. एक फाईल वाजवून पाहिली. काही नाही. मख्ख. माझाच आवाज, मलाच ओळख देईना! मी टाळ्या वाजवल्या.
अक्का चष्मा काढून बघत होती. "काब्र हासी राहिनी? आते बठ्ठं याच्यामा शे. तू सोडीसन कोनलेच उघडता येत नही."
म्हणजे हसतेस काय, आता सगळं यातच आहे. पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या बोलीत, अहिराणीत बोलली. लक्षात आलं नसावं तिच्या.

१० ऑगस्ट
अक्का पहाटेच्या गाडीने गेली. मी दात घासायच्या आधी लॅपटॉप उघडला. तीच आज्ञा परत दिली, उगाच. क्षणात परत आली: नवीन काही नाही, नेण्यासारखं काही नाही. किती शहाणं! जे आधी नेलंय ते परत उचलत नाही. आमच्या मंडप डेकोरेशनवाल्याला शिकवायला हवं.

१३ ऑगस्ट
रेकॉ. जोरात. दुपारी पंखा बंद, खिडक्या बंद, गोधडी डोक्यावरून घेऊन माईकसमोर. घामाने न्हायले. वर्तमानपत्र वाचलं, आकडे, महिने, गावांची नावं. यावल, रावेर, साक्री, शिरपूर, वरणगाव. जिल्ह्याचं वेळापत्रक सांगतेय असं वाटत होतं.
आवाज संध्याकाळी खरखरतो. म्हणून सकाळीच.
आता प्रत्येक बॅकअपला तारीख पडते. मागे जाऊन बघता येतं: त्या दिवशी फोल्डर कसा होता. ९ तारखेचा फोल्डर पाहिला. त्यात एकच फाईल. बिचारी.

१७ ऑगस्ट
डोकं उठलंय.
अक्काने फोनवर शिकवलं की रोज हाताने करायचं नाही. हाताने करणारा माणूस विसरतो, आजारी पडतो, दवाखान्यात जातो. सगळ्या आज्ञा एका फाईलमध्ये लिहायच्या, पासवर्ड वेगळ्या फाईलमध्ये, ती फक्त मलाच वाचता येईल अशी. आणि मशीनला सांगून ठेवायचं: रोज दुपारी जेवणाच्या वेळी ही फाईल चालव.

हाताने चालवली की पळते. वेळेवर आपोआप? काही नाही. काल नाही, आज नाही. त्याच्या नोंदीत एकच ओळ: ही आज्ञा सापडली नाही. अरे, सकाळी तर सापडत होती!

अनिल म्हणाला, "जाऊ दे ना, हाताने कर." त्याच्याशी बोलले नाही जेवताना.

१८ ऑगस्ट
झालं!! झालं झालं झालं!
अक्काने एका वाक्यात सोडवलं. "तू चालवतेस तेव्हा त्याला तुझ्या घरातलं सगळं माहीत असतं. आपोआप चालतं तेव्हा तो परगावचा माणूस. त्याला नुसतं 'कोपऱ्यावरचं दुकान' सांगून चालत नाही. पूर्ण पत्ता दे." साधन कुठे ठेवलंय त्याचा पूर्ण पत्ता लिहिला. पासवर्डच्या फाईलचा पण.

दुपारी वरण-भात वाढून घेतला आणि लॅपटॉप समोर ठेवून बसले. हात लावला नाही. डिस्कचा दिवा आपोआप लुकलुकला! नोंदीत नवी ओळ आली! अक्काला व्हिडिओ कॉल. ती लॅबमध्ये, मागे मुलं बसलेली, तरी ओरडली, "चालनं व, चालनं!"
वरण गार झालं. जेवलेच नाही म्हणा ना.

२२ ऑगस्ट
फैजपूर. आईला अजून फक्त "लहानसं ऑपरेशन" एवढंच सांगितलंय. तिच्याशी बोलताना फोन मध्ये ठेवून रेकॉ. केलं. तिला सांगून. दादांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल बोललो, केळीच्या गाड्या भरायच्या दिवसांबद्दल, माझ्या पहिल्या भाषणाबद्दल. शाळेत, मी चौथीत, मध्येच विसरले आणि स्टेजवरून "आई, पुढे काय?" असं विचारलं होतं. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी. फार छान झालं. सगळ्यात छान.
घरी येऊन केबलने लॅपटॉपवर घेतलं. फोन भरला होता, तिथलं पुसलं. उद्या दुपारी आपोआप कोठीत जाईल. काय सुख आहे.

२५ ऑगस्ट
गणपतीतली सगळी निवेदनं नाकारली. एका मंडळाने विचारलं, "दुसरं कोण आहे तुमच्यासारखं?"
लॅपटॉप कुरकुरत होता, जागा नाही म्हणून. साफसफाई केली. लग्नांचे जुने फोटो, डाउनलोड झालेला सगळा कचरा. फटाफट.

आजची मोठी गोष्ट: दुसरी प्रत धुळ्याला! अक्काच्या घरच्या कॉम्प्युटरवर तिने जागा करून दिली. इथून कुलूप लागूनच जातं, तिथे कुलूपबंदच राहतं. अक्काकडे माझा सगळा आवाज आहे आणि तिला त्यातलं अक्षर ऐकू येत नाही.
"तुला बघावंसं वाटत नाही?" विचारलं.
"वाटतं. म्हणूनच पासवर्ड मला सांगू नकोस."

२ सप्टेंबर
धुळे. आधी आनंदाचं लिहिते.

अक्काने बोलावलंच होतं. तिचं ठाम मत: परत काढून पाहिल्याशिवाय तो बॅकअपच नाही, नुसती समजूत. तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कोरा लॅपटॉप. माझं त्यावर काहीही नाही. तिने पाठ फिरवली, मी पासवर्ड टाकला. आज्ञा दिली: शेवटचा बॅकअप, सगळा, इथे परत ठेव.
फायली एकेक उतरायला लागल्या. माझ्या नावांनी! पहिलीच वाजवली.
"नमस्कार, मी कल्पना."
धुळ्यात, अक्काच्या ओट्याजवळ, माझा लॅपटॉप जळगावला बंद असताना. अक्का वळली नाही पटकन. मी तिचा खांदा हलवला तर म्हणाली, "थांब, ऐकू दे." गावांची नावं चालली होती. साक्री, पिंपळनेर.

मग मी म्हटलं, आईचं लाव. फैजपूरचं.
नाही.
परत शोधलं. सगळ्या तारखा उघडल्या. कुठेच नाही.
"केबलने घेतलंस ते कुठे ठेवलंस?"
लॅपटॉपने त्याच्या मनाने ठेवलं होतं, 'आवाज'मध्ये नाही, डाउनलोडमध्ये. साधनाने इमाने इतबारे 'आवाज' नेला, रोज. डाउनलोड त्याला सांगितलंच नव्हतं. आणि २५ तारखेला मी कचरा म्हणून

४ सप्टेंबर
अक्का काल जळगावला आली, रजा टाकून. माझ्या लॅपटॉपच्या पोटात शिरून शोधलं दिवसभर. काही तुकडे निघाले, आवाज एकाही तुकड्यात नाही. रागावली नाही. एकदाच म्हणाली, "माझी चूक. मी तुला सांगायला हवं होतं, फोल्डरकडेपण लक्ष ठेव."
मी म्हटलं, नाही गं, माझी.
मग दोघी "माझी, माझी" करत भांडलो आणि शेवटी चहा केला. फाईलमध्ये नवी ओळ घातली: रोज बॅकअप झाला की शेवटी नवीन काय आलं त्यांची नावं मला दाखव. आता चुकणार नाही. गेलं ते गेलं.

५ सप्टेंबर
परत फैजपूर. मला वाटलं होतं तेच सगळं परत बोलू. दादा, केळीच्या गाड्या, चौथीतलं भाषण. आईला खरं काय ते सांगितलं. नसेचं, आवाजाचं, पुसलं गेल्याचं. ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली.
"ते नही मले परत बोलता येत. एकदा बोलली ना." मग म्हणाली, "बाकीचं काय घेतलं ते लाव."
लावलं. बातम्या, आकडे, "मान्यवरांचे सहर्ष स्वागत". आईने पाच मिनिटं ऐकलं आणि हात उडवला.
"हे काय व कल्पे, सभेत बोलू राह्यली का तू? घरची कल्पी कुठी हाये याच्यात?"

इतक्या तासांत मी एकदाही घरातल्यासारखं बोलले नव्हते! उद्या आवाज गेला असता आणि कॉम्प्युटर माझ्या आवाजात बोलला असता, तर अनिलला "दूध संपलंय"सुद्धा मान्यवरांचं स्वागत केल्यासारखं सांगितलं असतं त्याने.

मग काय धमाल! आई सांगत गेली, मी बोलत गेले. चिडून बोल. आता कुणी जिना चढून येऊ राह्यलं, तसं बोल. गॅसवर काही जळू राह्यलं, ओरड. झोपलेल्याला उठव. स्वतःशी पुटपुट. खोटं बोल. (खोटं बोलताना आवाज चढतो माझा, आईने लगेच पकडलं.) शेजारच्या काकू बघायला आल्या, कुणाला एवढं रागावतेय. शेवटी आई म्हणाली, "आता मले हाक मार. लांबून." मी अंगणाच्या टोकाला गेले आणि मारली. तिने ओ दिली नाही. फोन तिच्या हातात होता, रेकॉ. बिघडेल म्हणून तोंड दाबून उभी होती.

घरी आले. 'आवाज'मध्येच ठेवलं. दोनदा पाहिलं. आजची नावं यादीत आली: राग, जिना, गॅस, झोप, पुटपुट, खोटं, हाक. फोनवरचं अजून पुसलेलं नाही.

८ सप्टेंबर
किल्ली दुसऱ्या कुणाकडे तरी हवी. अक्काचा नियम: ज्याच्याकडे कोठी त्याच्याकडे किल्ली नाही. म्हणजे अनिल. जो एटीएमचा आकडा मला फोन करून विचारतो.
पाठ करायला बसवलं. कागदावर लिहायला बंदी. पहिल्यांदा फैजपूरकडचा शब्द त्याला येईना, पिंपळनेरचा माणूस. मग येऊ लागलं. दाढी करताना ओठ हलत होते. स्कूटर काढतानाही हलत होते. वॉचमनने विचारलं म्हणे, साहेब, जप सुरू केला का?
संध्याकाळी टाईप करून दाखवला. बरोबर! पहिल्याच फटक्यात! इतका खूश की मला उचलायला निघाला. कमरेत उसण भरली.
मग कंबर चोळत म्हणाला, "हा मला एकट्याने टाकायची वेळ येणार नाही ना?"
"गाठ काढतायत फक्त."
"हो. तरी."

१० सप्टेंबर
धुळे, दवाखाना. डॉक्टरांनी परत सांगितलं. गाठ काढणार. नस जपण्याचा पूर्ण प्रयत्न. आवाज लगेच येईल, उशिरा येईल, बदलून येईल, आत्ता सांगता येत नाही.
विचारलं, "न येण्याची शक्यता?"
"आहे."
एवढं सरळ बोलल्याबद्दल त्यांचे आभार मानले. चांगल्या आवाजात.
दुपारी अनिलचा मेसेज, जळगावहून निघताना: बॅकअप झाला, यादी बघितली, धुळ्याला पोचला. माझ्याआधी माझा आवाज धुळ्यात. नर्सला सांगितलं तर तिला काही कळलं नाही, पण हसली.
उद्या सकाळी. भीती वाटतेय, पण परीक्षेचा अभ्यास पूर्ण झाल्यावर वाटते तशी.

१३ सप्टेंबर
लिहिता येतंय. बोलता येत नाही. गाठ निघाली, साधी आहे, पुढचं काही नाही. नस शाबूत, पण "झोपलीय" असं डॉक्टर म्हणाले. कधी उठेल ते माहीत नाही.
फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. अनिल कान तोंडाजवळ आणतो. दाढी टोचते.

१९ सप्टेंबर
अक्काकडेच आहे. तिने आवाज शिकवायचं काम सुरू केलं. माझा पासवर्ड, मी टाकला, ती पाठ फिरवून उभी. सगळं तिच्याच मशीनवर, इंटरनेट काढून. दिवसभर पंखा घरघरतोय. मी टाईप करून तिला प्रश्न विचारते, ती तोंडाने उत्तर देते. तीन दिवस असं चाललंय आणि आम्ही इतक्या कधी बोललोच नव्हतो.
लॅबमध्ये लागली तेव्हा काळ्या खिडकीत लिहिताना कुणी बघितलं की ती म्हणे स्क्रीन लपवायची. बाई काय करणार यात, असं म्हणायचे. "आते माले कोनी काही म्हणत नही." मग जरा वेळाने, "विचारतपण नाहीत."
मी टाईप केलं: मी विचारते ना.

२५ सप्टेंबर
तयार आहे म्हणाली अक्का, माझ्या लॅपटॉपवर टाकलंयसुद्धा. ऐकायचं?
नको म्हटलं. जळगावला गेल्यावर. अनिलसमोर नाही, आधी एकटीने.
सारखी लॅपटॉपच्या बॅगेला हात लावून बघतेय. निकाल लागलाय आणि पाकीट माझ्याकडे आहे.

४ ऑक्टोबर
डॉक्टरांकडे जाऊन आले. नळी घालून पाहिलं. घशातली एका बाजूची स्वरपट्टी नीट हलतेय, दुसरी अजून नाही. वाट बघा म्हणाले. रोज घशाचे व्यायाम. सकाळी 'आ' म्हणते, अर्धा 'आ' येतो आणि पुढे हवा.
डिसेंबरमधल्या एका लग्नाचा फोन आला होता. अनिलने घेतला. "विचारून सांगतो" म्हणाला. कुणाला विचारणार ते त्यालाही माहीत नसावं.

५ ऑक्टोबर
ऐकलं.
अनिल गच्चीवर कपडे वाळत घालत होता. दार लोटून बसले, खिडकी उघडीच राहिली. काय टाईप करावं सुचेना. इतके समारंभ केले आणि पहिलं वाक्य सुचेना! शेवटी लिहिलं: "अहो, चहा ठेवलाय, खाली या." एंटर.

मीच बोलले. माझ्याच घरात, मीच. थोडी कंटाळलेली, थोडी लाडात. फैजपूरच्या अंगणातली. हसू आलं, टेबलाची कड धरली.
गच्चीवरून: "आलो, आलो!"

जिन्यावरून पळत आला, ओल्या हातांनी. दार ढकललं. मला बघितलं. लॅपटॉप बघितला. गॅसवर चहा नव्हताच. तसाच उभा राहिला, हातातून पाणी ठिबकतंय.
मग म्हणाला, "परत म्हण."

माझ्याकडे बघत म्हणाला की स्क्रीनकडे, कळलं नाही. विचारलंही नाही. मी लॅपटॉप अर्धा मिटला, घसा साफ केला, आणि स्वतःच तोंड उघडलं.